शेवटचा हात काळ्याचा

ताई, गुलाबी वाळला. सोनेरीही वाळला. काळा अजून डब्यातच आहे.

हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं. कोण कोण आलं, कोण खरं रडलं, कोणी नुसता पदर तोंडाला लावला, ते तुम्ही नंतर विचारलं असतं, चहा गाळता गाळता. महिला मंडळाच्या बायका म्हणाल्या, कौसल्या, तू त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातली, तूच चार शब्द लिही, आपण फळ्यावर लावू. मी बसले, 'प्रमिलाताईंचा जन्म गिरगावात झाला' एवढं लिहिलं आणि उठले. गिरगावात पुष्कळांचा जन्म झालेला आहे. त्यावरून तुम्ही कुणाला काय कळणार? म्हणून तुमच्याशीच बोलते. त्यांना वाचायचं तर वाचू देत.

बसवत नाही मला. दोन ओळी लिहिल्या की उठते, दोरीवरच्या पत्रिकेला बोट लावून बघते, पोराच्या कपाळाला हात लावावा तसं. वाळल्यात. कालही वाळलेल्याच होत्या. खिडकी लावते, मग गुदमरतं म्हणून उघडते, मग तुमचं ओरडणं आठवतं म्हणून परत लावते.

पत्रिका नीराची. नेरूळ गावातल्या हिराबाईंच्या मुलीची. मधोमध उघडणारी, दोन पाखांची. जमीन गुलाबी. दोन्ही पाखांच्या कडेला एकेक सोनेरी वाटी. पत्रिका मिटली की वाट्या शेजारी शेजारी येतात आणि मंगळसूत्र पुरं होतं. त्या वाट्यांना धरणारी काळ्या मण्यांची सर आणि आतली सगळी अक्षरं काळ्याच्या हातात यायची होती. 'हात' हा आपला शब्द. एका रंगाची छपाई म्हणजे एक हात. पहिला हात गुलाबीचा, दुसरा सोनेरीचा, शेवटचा काळ्याचा. तो शेवटचा आलाच नाही. त्यामुळे माझ्यासमोर गठ्ठे पडलेत आणि प्रत्येक पत्रिकेवर दोन वाट्या हवेत लटकल्यात. कुणाचं लग्न, कुणाशी, कुठे, कधी, काही नाही.

सोमवारी आपण सोनेरीचा हात संपवला. रॉकेलच्या बोळ्याने फ्रेमची जाळी पुसता पुसता तुम्ही म्हणालात, उद्या काळा ओढू. मंगळवारी तुमचं दार उघडलं नाही.

पुढचं लिहीत नाही.

तुम्हाला नेल्यावर समोरच्या काकू जिन्यात हळूच म्हणाल्या, लग्नाच्या कामात काळं काढायला घेतलं होतं ना गं त्यांनी? एवढंच म्हणाल्या. तुम्ही असता तर जिन्यातच त्यांना आडवं घेतलं असतं. मला ते जमलं नाही. कारण काकू बोलायच्या आधी तेच माझ्या मनात येऊन गेलं होतं, ताई. तुमच्या पायाशी बसले होते तेव्हाच. आता काय करायचं ते सांगा.

मी तुमच्याकडे आले ती कामाला नव्हते आले. आमचे हे कारखान्यांच्या पट्ट्यातल्या केमिकल कंपनीत लागले, खोली मिळाली, आणि मी परभणीकडून उठून थेट वाशीत. सगळ्या इमारती सारख्या, सगळे जिने सारखे. पहिले काही दिवस मी घरातून निघायचे ती दाराची कडी लक्षात ठेवून; आमच्या कडीला जरा गंज होता. तुमच्या दाराशी आले ती नळाला पाणी कधी येतं विचारायला. तुम्ही आतूनच ओरडलात, अगं ए, आत ये, हे टोक धर. टेबलावर छपाईची फ्रेम होती, तिच्यावर रंग गाळणारं जाळीचं कापड ताणत होतात. मी टोक धरलं. तुम्ही खिळे ठोकलेत. मग चहा दिलात. पाणी कधी येतं ते मला त्या दिवशी कळलंच नाही, आमच्या ह्यांनी संध्याकाळी चौकशी केली.

शिकलीस किती, विचारलंत. सातवी, म्हटलं, पुरी नाही. बहात्तरचा दुष्काळ आला आणि शाळेऐवजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले, ती परत वर्गात बसले नाही. मला वाटलं आता तुम्ही 'अरेरे' म्हणाल. तुम्ही म्हणालात, "मग जोडाक्षरं झाली असतील की. आपल्याला तेवढीच लागतात. लग्नाच्या पत्रिकेत 'ज्येष्ठ', 'चिरंजीव' आणि 'कृपाभिलाषी', संपलं."

अरेरे कुणीही म्हणतं, ताई. त्याने घरी जाऊन फक्त रडता येतं. तुम्ही माझ्या हातात पट्टी दिलीत आणि ओळीतली अक्षरं सरळ आहेत का बघ म्हणालात. मी बघितली. 'कृपाभिलाषी'चा पा जरा वर गेला होता. तुम्ही 'हं' केलंत. तुमच्या त्या 'हं'वर मी आजवर जगले, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

रंग बघायला तुम्हीच शिकवलंत. त्याआधी मी रंग बघतच नव्हते, नुसती नावं घेत होते. एकदा गुलाबीवर सोनेरी ओढला होता, आणि काही केल्या तो दिसेना. मी म्हटलं, सोनेरी पावडर कमी पडली, अजून घालू. तुम्ही काही न बोलता काळ्या कागदाची एक चिंधोटी फाडलीत आणि सोनेरीच्या कडेला ठेवलीत. सोनं जागचं उठून पुढे आलं. चिंधोटी उचललीत, परत मागे गेलं. तीन-चारदा मला तो खेळ करून दाखवलात, मला हसू येईपर्यंत.

"सोनेरी स्वतःच्या जोरावर चमकत नाही, कौसे. शेजारी कोण बसलंय त्यावर असतं."

पण लग्नाच्या पत्रिकेवर काळा? कोण घेईल? म्हणून आपल्या खोलीचा तो नियम. काळ्याला काळा म्हणायचं नाही. काळ्यात चिमूटभर लाल घालायचा, डब्यावर खडूने 'जांभूळ' लिहायचं. गिऱ्हाईक नमुना उजेडात नेऊन विचारायचं, काळा तर नाही ना हो? तुम्ही पापणी न लवता सांगायचात, छे हो, जांभूळ आहे. पिकलेलं. मी मागे रंग ओढायच्या रबराची मूठ पुसत उभी असायचे आणि मला घाम फुटायचा. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही म्हणायचात, भित्री भागूबाई, तुझा चेहराच आपल्याला पकडून देईल एक दिवस.

मला तो नियम आवडायचा. खरं सांगते. सगळ्यांचं भागत होतं. सोनं चमकत होतं, गिऱ्हाईक खूश, कुणाच्या मनात पाल चुकचुकत नव्हती. तुम्हाला मात्र दिवसेंदिवस त्या डब्यावरचं 'जांभूळ' बघवेना. शेवटी शेवटी तुम्ही ते माझ्याकडून लिहून घ्यायचात.

आणि ती खिडकी. आता भांडायला तुम्ही नाही, तरी सांगते, खिडकी तुम्हीच उघडी ठेवली होती. खाडीकडची. तुम्हाला मिठागरं बघत चहा प्यायचा होता. खारा वारा रात्रभर आत येत राहिला आणि सकाळी सगळ्या पत्रिकांवरचं सोनं हिरवट पडलं, तांब्याच्या भांड्यासारखं. मी रडायलाच बसले. तुम्ही एक पत्रिका उचलून तिरपी धरलीत आणि म्हणालात, मोरपंखी सोनेरी. नवीन आलाय. गिऱ्हाइकाने त्या आनंदाने नेल्या. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं, पण महिन्याने त्यांचेच पाहुणे आले, आम्हालाही मोरपंखी सोनेरीच हवा म्हणून. मग आपण दोघी मुद्दाम खिडकी उघडी ठेवून वाऱ्याची वाट बघत बसलो, आणि नेमका तेव्हा वारा पडलेला. तरीही शेवटपर्यंत तुम्ही म्हणत राहिलात की खिडकी कौसल्येने उघडी ठेवली. नाही ठेवली, ताई.

गुलाबी मात्र माझा आहे. हे तुम्ही कबूल केलं होतंत, तेव्हा यावर वाद नाही.

हिराबाई यायच्याही आधी, एका नव्या नमुन्यासाठी तुम्ही गुलाबी मिसळत होतात. राणी नको, गुलबक्षी नको, पोरीसोरींच्या रिबिनीचाही नको. सहा-सात वाट्या कालवून टाकून दिल्यात आणि माझ्यावरच चिडलात. मी भीत भीत म्हटलं, आमच्याकडे कापसाचं फूल उमलतं तेव्हा पिवळसर पांढरं असतं, आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मग गळून पडतं. त्या दुसऱ्या दिवसाचा गुलाबी आहे का तुमच्याकडे? तुम्ही हातातली काडी खाली ठेवलीत. कसा असतो, सांग. मला सांगता येईना. फूल डोळ्यांपुढे होतं, शब्द नव्हता. मग काडी माझ्या हातात दिलीत आणि स्वतः बाजूला सरकलात. मी पांढऱ्यात लाल घातला, जरासा पिवळा घातला, मग काळ्याच्या डब्यात काडीचं टोक बुडवून तेवढं घातलं. का घातलं ठाऊक नाही. फुलावर शेतातली धूळ असायची म्हणून असेल. तुम्ही ती वाटी खिडकीच्या उजेडात धरलीत. म्हणालात, हा काही बाजारात मिळत नाही गं.

गाव सोडून इतकी वर्षं झाली. तिथलं माझ्याजवळ काही आहे आणि ते कुणाच्या कामाला येईल, असं मला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

एक गोष्ट आपण कधीच बोललो नाही. गिऱ्हाइकांचा हट्ट असायचा, पहिल्या पत्रिकेला इथेच कुंकवाचं बोट लावून द्या. तसं कुणी म्हटलं की तुम्ही 'दूध उतू जाईल' म्हणत आत जायचात. बोट मी लावायचे. माझ्या वडिलांनी आम्ही लहान असतानाच घरातले देव नदीत सोडले होते. आमच्यात लग्नाला पांढरे कपडे, पत्रिका निळ्या शाईची, आणि शुभ-अशुभ हा शब्द काढला तर वडील जेवणावरून उठायचे. आणि मी इथे परक्यांच्या पत्रिकांना कुंकू लावत होते. का, तर माझा नवरा होता आणि तुमचा नव्हता. मी बोट पुसेपर्यंत तुम्ही बाहेर यायचा नाहीत. आत दूध नाही हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं.

तुमच्या गळ्यातल्या मण्यांचंही मी कधी विचारलं नाही, तुम्हीच एकदा सांगितलंत. तुमचे यजमान गेले तेव्हा बायकांनी मंगळसूत्र काढून तुमच्या हातात दिलं. वाट्या विकून तुम्ही पहिल्या फ्रेमा आणि रंग आणलेत. मणी साध्या दोऱ्यात ओवून परत गळ्यात घातलेत. कुणी भुवया उंचावल्या तर म्हणायचात, सोनं त्यांनी घातलं होतं, ते कामाला लागलं. मणी माझ्या आईने ओवले होते, ते मी का काढू?

हिराबाई पहिल्यांदा आल्या त्या सुक्या जवळ्याची पुडी घेऊन. पत्रिका वेगली पायजे, सगल्यांसारकी नको, म्हणाल्या. तुम्ही त्यांच्यापुढे तीन कागद ठेवलेत. कापसाच्या फुलाचा गुलाबी, त्यावर सोनेरी, त्याच्या कडेला काळा. त्यांनी काळ्यावर बोट ठेवलं. "ह्यो कंचा?" मी मागून तोंड उघडलं होतं, जांभूळ म्हणायला. तुम्ही म्हणालात, "काळा."

हिराबाईंनी मान वर केली. तुमच्या कपाळाकडे बघितलं, गळ्यातल्या मण्यांकडे बघितलं, परत कागदाकडे. मला वाटलं आता उठतील. म्हणाल्या, लावा.

त्या गेल्यावर मी तुमच्याशी भांडले. मी, तुमच्याशी. का सांगितलंत, म्हटलं.

"तिने विचारलं म्हणून."

"रोजच विचारतात."

"आणि मी रोज थापा मारते. कंटाळा आलाय गं मला."

मी म्हटलं, उद्या त्या पोरीच्या संसारात काही झालं, कुणी आजारी पडलं, काही मोडलं, तर तुमच्या नावाने बोटं मोडतील. विधवेने काळं छापून दिलं म्हणतील. तो शब्द मी तुमच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही रंगाच्या डब्याचं झाकण नीट दाबून बसवलंत.

"मोडू देत. त्या निमित्ताने कुणी माझं नाव तरी घेईल. इतक्या जणांची लग्नं छापली, कुठल्या मांडवात बोलावलंय मला?"

मग तुमचा तो वकिली सूर लागला. तुझ्या गावात शेताला काय म्हणतात? काळी, म्हटलं. आणि गावाला? पांढरी. मग पिकतं कशात? मी फ्रेम धुवायला गेले. ते उत्तर आत्ता देते. पिकतं काळीतच, ताई. पण पेरणारा दर वर्षी घाबरलेलाच असतो. त्याला कुणी भागूबाई म्हणत नाही.

सोमवारपर्यंत तो वाद चालू होता. काळ्यात चिमूटभर लाल घालू या, कुणाला कळणार नाही, असं मी जाता जाता पुन्हा म्हटलं. तुम्ही म्हणालात, उद्या बघू. तुम्ही कधी 'बघू' म्हणत नाही. म्हणून मी खुशीत घरी गेले.

इथवर लिहून ठेवलं होतं. मंडळाच्या बायका विचारून गेल्या, झालं का? म्हटलं, नाही झालं.

मध्ये तुमचे दीर येऊन गेले. वाईट नाहीत ते. खोलीचं पुढे काय ते ठरेल, मला म्हणाले, तोवर किल्ली तुमच्याकडेच राहू दे, आणि त्या जाळ्याबिळ्या तुम्ही घेऊन जा, आम्हाला काय उपयोग. जाळ्याबिळ्या. तुम्ही ऐकायला नव्हतात ते बरं. फ्रेमा आमच्या पलंगाखाली बसतात का ते मी मोजून आले. बसतात, पण मग पोरीचं, मायाचं दप्तर आणि ट्रंक कुठे ठेवायची ते कळत नाही. टेबल तर दारातूनच जाणार नाही.

नीराच्या काकाचा निरोप आला. बाई गेल्या, आता ते राहू द्या, आम्ही ठाण्यात लालमध्ये छापून घेतो. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी पाणी दिलं, आणि ताई, मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. तो गेला आणि मी गठ्ठ्यांकडे बघितलं. हे सगळं आता रद्दीत. ते दोन वाट्यांचे ढीग. तो कापसाचा गुलाबी. मी उभीच राहिले, बसता येईना, उभंही राहवेना. पत्रिका आवरायला घेतल्या आणि आवरल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिराबाई स्वतः आल्या. एकट्या. बसने येऊन उन्हातून चालत. आधी तुमच्या स्टुलाकडे बघितलं, त्यावर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका घेतली, उघडली, मिटली, दोन वाट्या जवळ आणून बघितल्या.

काकांचा निरोप आला होता, मी म्हटलं.

"त्याचा सोर. पोरगी त्याची नाय, माजी हाय." मग विचारलं, "मना सांग बाय, ती जांभला बोल्ली असती तं मना कलला असता?"

नाही, म्हटलं. कुणालाच कधी कळलं नाही.

"मंग काला कशाला बोल्ली?"

खोटं बोलायचा कंटाळा आला होता, म्हणाल्या.

हिराबाई हसल्या. हसता हसता डोळे पुसले. मग सांगायला लागल्या. त्यांची शेतं या शहरासाठी गेली, खाडीलगतची भाताची, तेव्हा दारात येणारा प्रत्येक माणूस गोड बोलून गेला होता. कुणी बाई म्हटलं, कुणी आई म्हटलं, कागद पुढे केले, अंगठे घेतले. नंतर विचारायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचा. या नव्या शहरात आपल्याला विचारल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारी पहिली बाई म्हणजे तुम्ही, असं त्या म्हणाल्या. मी ऐकत होते आणि मला तुमच्याशी भांडलेलं सगळं आठवत होतं.

मग त्यांनी पत्रिका खाली ठेवली.

"तुला पोरगी हाय ना? तिचे लग्नाला लावशील काला?"

ताई, मला खोटं बोलता आलं असतं. इथे उभं राहून मी तेच तर शिकले होते. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, मला भीती वाटते. मला सगळ्याचीच भीती वाटते. कागद आणायला मुंबईला जाते तेव्हा बस खाडीपुलावर आली की मी डोळे मिटते, इतकी वर्षं झाली, दर वेळी वाटतं पूल आत्ता पडणार. तरी जाते.

"मंग?"

"मग लावीन. घाबरत लावीन."

"मंग लाव," हिराबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून उठल्या, काय धरू सांग म्हणून.

मी डब्याचं झाकण काढलं. लाल घातला नाही. फ्रेम बिजागरीला अडकवली, कोपरे जुळवले. पहिले दोन-तीन हात वर्तमानपत्रावर मारले. रंग जाड होता, तुम्ही गेल्यापासून डब्यात घट्ट झालेला, त्यात थोडं टर्पेंटाइन घातलं. मग पत्रिका सरकवली आणि रबर ओढलं. फ्रेम उचलली तर खाली सर होती. वाट्यांना धरून होती. सोनं पुढे आलं होतं, आणि तो गुलाबी, ताई, काळ्याच्या शेजारी तो खरंच दुसऱ्या दिवसाचा झाला. मी तुमच्या 'हं'ची वाट बघितली. सवयीने.

हिराबाईंना वाचता येत नाही. नीराचं नाव कुठे, त्यांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी ओल्या अक्षरावरच बोट ठेवलं. 'नी'चा फराटा झाला, बोट काळं झालं. मी हाय म्हणून कपाळाला हात लावणार, तेवढ्यात त्यांनी तेच बोट माझ्या कानामागे टेकवलं, लहान पोराला तीट लावतात तसं. "लई भितेस गो तू," म्हणाल्या.

मग आम्ही दोघींनी सगळ्या पत्रिका ओढल्या. त्या एकेक उचलून दोरीला लावत होत्या, दोरी संपली तेव्हा तुमच्या पलंगावर, खिडकीच्या कठड्यावर, स्टुलावर. कुंकवाची डबी त्यांनी मागितली नाही. मीही काढली नाही.

ऊन कललं तशा त्या हात धुवायला लागल्या. साबणाने रंग निघत नाही हे मी सांगेपर्यंत त्यांनी साबण काळा करून ठेवला होता. मग म्हणाल्या, एकीवर तिचं नाव लिही. तुमचं. मला समजेना. त्या म्हणाल्या, ती येनार होती. नमुना ठरवायला दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी बाहेर कागद कापत होते, तेव्हाच त्यांनी तुम्हाला आमंत्रणाचे तांदूळ देऊन लग्नाला बोलावलं होतं. पत्रिका छापायच्याही आधी. पहिलं आमंत्रण तुम्हाला होतं.

मला सांगितलं नाहीत तुम्ही. एवढी मोठी गोष्ट. का नाही सांगितलीत? मी म्हणाले असते, कशाला जाता, बायका काय म्हणतील, म्हणून? म्हणालेच असते.

काय म्हणाल्या त्या, मी विचारलं.

"बोल्ली, येते. पन मागं नाय बसनार."

मी पत्रिकेवर तुमचं नाव लिहिलं. जोडाक्षर आहे, 'प्र'. नीट आलं.

पत्रिका गेल्या आता. नेरूळमध्ये, करंजाड्यात, मोऱ्याच्या त्यांच्या पाहुण्यांकडे, घरोघर पोचल्यात. कुणी काय म्हणालं मला माहीत नाही. समोरच्या काकूंनी एक मागून घेतली, चष्मा लावून बघितली आणि छान आहे हो म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, पण काळाच ना? मी हो म्हटलं. घाम फुटला, पण म्हटलं. आणि तेव्हापासून एक नवीनच लागलंय माझ्या मागे. मी त्या नीराला अजून बघितलेलंही नाही, पण तिची काळजी लागली आहे. तिला सासरी ताप आला, सासूशी खटका उडाला, नवऱ्याची नोकरी गेली, तर मला झोप लागणार नाही. आपल्या काळ्याने झालं नाही ना, असं मी आयुष्यभर मनातल्या मनात तपासत राहणार. तुम्ही रंग दाखवून मोकळ्या झालात. तो संसार राखायचं काम माझ्यावर टाकून गेलात. यावर मी तुमच्याशी भांडणार होते, पण ते भांडण लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, याआधी माझ्यावर विसंबून कुणी काही टाकलंच नव्हतं.

तर मी जाणार आहे लग्नाला. कुठली साडी नेसू ते ठरत नाही. तीन काढून ठेवल्यात, तिन्ही परत ठेवल्यात. हे म्हणतात, ओळख ना पाळख, कशाला जातेस. मायाला बरोबर नेणार आहे. मांडवात शिरताना मला भीती वाटणार, हेही मला आत्ताच माहीत आहे. पण तुमची जागा पुढची आहे, मागे बसता येणार नाही. आणि पुढे बसलेल्या नवख्या बाईला कुणीतरी विचारणारच, तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या? मी ठरवून ठेवलंय. सांगणार, मी पत्रिकेकडची.